साखळीवाचून चालणारी फटफटी

श्रोतेहो, नेवासे-शेवगावकडच्या काळ्या रानातून पावसाळ्यात ज्याने फटफटी काढली असेल, त्याला साखळीचे दुखणे निराळे सांगायला नको. चिखल कड्यांत बसतो, वंगण धुऊन जाते, साखळी सैल पडते आणि नेमकी शाळेच्या वेळेला उतरते. मग साखळीवाचून मोटारसायकल चालणारच नाही का? चालते की! जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने 1923 साली आपल्या आर-32 या गाडीला साखळीऐवजी शाफ्ट घातला होता.

शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडतो तो दांडा आपण पाहिलेला आहे. अडचण एवढीच की दांडा गाडीच्या लांबीत असतो आणि चाकाचा आस आडवा. तेव्हा फिरणे काटकोनात वळवावे लागते. त्यासाठी निमुळती, दातेरी अशी दोन चक्रे एकमेकांत गुंतवतात. शिक्षकांनी वर्गात सुताराचे हातड्रिल आणून दाखवावे. मूठ एका दिशेला फिरते, टोक दुसऱ्या दिशेला. मुलांना क्षणात उमगते.

होंडा कंपनीने 1988 मध्ये एनटीव्ही 650 नावाची अशी गाडी काढली. 647 सी.सी.चे, दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन. मागचे चाक एकाच बाहूवर धरलेले आणि त्या पोकळ बाहूतच दांडा लपवलेला. चिखल-धुळीचा त्याला स्पर्श नाही. नव्वदीच्या सुरुवातीला शर्यतीच्या थाटाच्या गाड्यांचे वेड होते. ही दिसायला साधी, म्हणून हौशी मंडळींनी तिच्याकडे फारसे पाहिले नाही. रोज शेकडो पाकिटे पोचवणाऱ्या लंडनच्या निरोप्यांनी मात्र अशा गाड्या आपल्याशा केल्या. माझ्या मते पारख त्यांचीच खरी.

मग आपल्याकडे असे का झाले नाही? दांडा जड, चक्रे महाग, आणि इंजिनाची थोडी शक्ती त्यांतच खर्ची पडते. मोठ्या इंजिनाला ते जाणवत नाही. आपल्या नगरच्या कायनेटिकची 1972 सालची लुना 50 सी.सी.ची, तिने हा भार कोठून सोसावा? 1985 च्या हिरो होंडा सीडी 100 ने साखळीलाच पत्र्याच्या डब्यात बंद केले. बजाज चेतकने तर इंजिन थेट मागच्या चाकाशेजारी बसवून गिअरनेच चाक फिरवले. साखळीही नाही, लांब दांडाही नाही. स्वस्तातली युक्ती, पण वजन एका अंगाला गेले.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने ध्यानात घ्यावी. साखळी तुटली तर गावचा मिस्त्री चेनलॉक घालून अर्ध्या तासात गाडी उभी करतो. दांड्याच्या गाडीला एरवी ठरल्या वेळी तेल बदलण्यापलीकडे काही लागत नाही. पण त्या दातेरी चक्रांचा दात उडाला, तर सुटा भाग येईपर्यंत दूध डेअरीला सायकलवरूनच न्यावे लागेल.