चित्राची उलटी बाजू

पुण्या-मुंबईला शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुलं सुटीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या बॅगेतून काय निघेल हे सांगता येत नाही. हल्ली एक नवीच चीज निघू लागली आहे. पारदर्शक प्लास्टिकचा पातळ तुकडा, त्यावर मोठ्या डोळ्यांचा कुणी जपानी मुलगा रंगवलेला, कोपऱ्यात 'ए ७' असा काहीतरी आकडा नि एका काठाला तीन भोकं. पोरगा तो काच धरावी तसा दोन्ही हातांनी धरतो. किंमत विचारली तर आधी टाळतो, आणि सांगितलीच तर आई म्हणते, "अरे, एवढ्यात चांगली साडी आली असती!"

साडीचा हिशेब काही चूक नाही. पण मैत्रिणींनो, तो तुकडा एकदा उलटा करून पाहा. भरतकामाची पारख आपण कशी करतो? कापडाची पाठ बघून. गाठी कुठे मारल्या, दोरा कुठून कुठे नेला, हात घाईचा की निवांत, सगळं पाठीवर उमटलेलं असतं. इथंही तसंच आहे.

या तुकड्याला सेल म्हणतात. पूर्वी तो सेल्युलॉइडचा असे. सेल्युलॉइड पटकन पेट घेतं, म्हणून पुढे अ‍ॅसिटेट आलं, नाव मात्र तेच राहिलं. संगणक येण्याआधी कार्टूनचं सगळं काम हातानं चाले. मुख्य चित्रकार हालचालीतल्या ठळक पायऱ्या पेन्सिलीनं काढी: हात खाली, हात वर. त्या चित्राला जपानीत 'गेंगा' म्हणतात. मधल्या पायऱ्या दुसरे चित्रकार भरत, ती 'दोगा'. मग दोगावरची रेघ यंत्रानं किंवा शाईनं सेलवर उतरवायची, सेल पालथा घालायचा आणि मागून रंग भरायचे. मागून अशासाठी, की पुढून रेघ झाकली जाऊ नये नि रंग सपाट दिसावा. हा रंगवलेला सेल मागच्या देखाव्याच्या चित्रावर ठेवून फोटो घेत. ती तीन भोकं खुंट्यांवर बसवण्यासाठी. त्यामुळे चित्र तसूभरही सरकत नाही.

सिनेमाच्या एका सेकंदाला २४ फोटो लागतात. इतकी चित्रं काढायची तर टीव्हीच्या मालिकेला परवडायचं कसं? १९६३ साली ओसामू तेझुका यांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' सुरू झाली, तेव्हा त्यांनी अगदी संसारी काटकसर केली. एकेक चित्र तीनतीनदा वापरायचं, म्हणजे सेकंदाला आठांवर भागतं. माणूस बोलतो तेव्हा नुसतं तोंड हलवायचं, बाकी अंग स्थिर. अंगाचा सेल वेगळा, तोंडाचा वेगळा, एकावर एक ठेवलेले. 'ए', 'बी' ही अक्षरं या थरांची आणि पुढचा आकडा त्या थरातलं कितवं चित्र याचा. तेव्हा मुलानं आणलेल्या सेलवर नुसतंच तोंड दिसलं, तर त्याला कुणी फसवलं असं लगेच समजू नका हं.

आता मुद्द्याचं. हे रंग भरले कुणी? बहुतकरून बायकांनी. अमेरिकेत १९३७ च्या 'स्नो व्हाइट'चे सेल रंगवणाऱ्या बहुतेक तरुण मुलीच होत्या, आणि जपानातही तीच रीत पडली. चित्र काढणं पुरुषांचं, रंग भरणं बायकांचं, अशी वाटणी. मिचियो यासुदा नावाच्या बाई १९५८ च्या सुमारास तोएई कंपनीत अशाच कामाला लागल्या. पुढे मियाझाकींच्या सिनेमांत कुणाच्या अंगावर कोणता रंग हे त्या ठरवू लागल्या. १९९७ च्या 'प्रिन्सेस मोनोनोके'ला जवळजवळ १ लाख ४४ हजार सेल लागले, त्याचे रंगही त्यांच्याच नजरेखालून गेले. २०१६ साली त्या वारल्या.

दुसऱ्या योको हात्ता. टोकियोच्या एका स्टुडिओत त्या सेल रंगवत. लग्नानंतर क्योतोजवळच्या उजीत आल्या. हातचं कसब वाया का घालवा? शेजारपाजारच्या गृहिणींना जमवलं, ब्रश धरायला शिकवलं आणि टोकियोच्या कंपन्यांचे सेल मागवून रंगवायला सुरुवात केली. गिरगावात १९५९ साली सात जणींनी पापड लाटायला घेतले, त्याची आठवण येते ना? हात्ताबाईंचा हा उद्योग १९८१ सालचा. तोच पुढे क्योतो अ‍ॅनिमेशन म्हणून जगभर नावाजला गेला. जुलै २०१९ मध्ये तिथल्या स्टुडिओला एकानं आग लावली आणि ३६ माणसं गेली.

अशा जागी रंगवलेला सेल हातात आला की त्यावर सही शोधू नका, ती नसतेच. पाठीवर मात्र ब्रश कुठे थांबला, तिथं रंग जाड झालेला दिसतो. आधी कोणता रंग भरला नि मागाहून कोणता, ते एकावर एक चढलेल्या कडांवरून कळतं. पडद्यावर हे चित्र जेमतेम आठवा हिस्सा सेकंद दिसलं असेल. काम झालं की स्टुडिओ असे सेल धुऊन पुन्हा वापरत, फेकून देत, नाहीतर चाहत्यांना वाटून टाकत. आज उरलेत ते बरेचसे अशा फेकाफेकीतून वाचलेले.

सिनेमा घरबसल्या बघायला मिळतो, मग हा तुकडा कशाला जपायचा, असं कुणी विचारील. हा प्रश्न अंबाजोगाईत तरी पडू नये. दासोपंतांचं 'पंचीकरण' छापील पुस्तकात वाचता येतं. तरीही सुमारे चाळीस फूट लांब नि चार फूट रुंद कापडावर त्यांनी ते लिहिलं, ती पासोडी आपल्या गावानं चारशे वर्षं जपली. मजकुराला मजकुराचं मोल आणि हाताला हाताचं.

शिवाय हे चित्रप्रकरण आपल्याला वाटतं तितकं परकंही नाही. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी आंघोळी लांबवून तो पाहिला असेल. ती मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, १९८९ साली जपानात सुरू झालेली, ५२ भागांची, आणि सगळी सेलवर रंगवलेली. त्याहून जवळचं उदाहरण 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' या १९९२ च्या सिनेमाचं. युगो साको नि कोइची सासाकी यांच्याबरोबर आपले राम मोहन दिग्दर्शक होते. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ पासून कार्टूनचं काम केलेला हा माणूस. सिनेमाला सुमारे एक लाख सेल लागले असं सांगतात. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याकडे नव्यानं थिएटरात आला होता.

सेलचे दिवस आता संपले. शेवटपर्यंत टिकली ती 'साझाए-सान', माचिको हासेगावा या बाईंच्या वर्तमानपत्री चित्रमालेवरून १९६९ साली सुरू झालेली, एका गृहिणीच्या घरातल्या साध्यासुध्या गमतींची मालिका. मालिका चालू आहे, पण २०१३ मध्ये तिनंही सेल सोडला. म्हणजे नवे सेल आता होत नाहीत, आणि आहेत तेही झिजत चालले आहेत.

मुलाला घ्यायचेच असतील तर सुरुवात पेन्सिलीच्या दोगापासून करायला सांगा. ते स्वस्त पडतात नि शिकवतात पुष्कळ: लाल-निळ्या रेघांनी सावली कुठे पडायची हे दाखवलेलं असतं. सेलची किंमत चढते ती पात्र कोण, चेहरा समोरून आहे का, डोळे उघडे आहेत का, यावर. सोबत मूळ देखावा असेल तर फारच. बहुतेकदा मागे असते ती नुसती रंगीत नक्कल, हे विचारून घ्यावं. विक्रीसाठी मुद्दाम छापलेल्या प्रतीही फिरतात. भोकं, आकडा, पाठीवरचा हाताचा रंग, तिन्ही बघा. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर ती छपाई. परदेशाहून मागवताना टपालखर्च नि सीमाशुल्क धरून हिशेब करा, नाहीतर साडी राहते बाजूला नि पैठणीचे पैसे जातात!

सांभाळायचं कसं, हे मात्र बहुधा आपल्याकडेच येतं. मुलं पुन्हा गावाला जातात, वस्तू घरी राहते. भिंतीवर उन्हात टांगू नका, रेघ उडते. ओल्या फडक्यानं पुसू नका, रंग पाण्यानं सुटतो. चिकटपट्टी, लॅमिनेशन दोन्ही नकोत. गच्चीखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तव्यासारखं तापतं. तिथं ठेवलेल्या सेलचा रंग मऊ होऊन शेजारच्या कागदाला धरतो. पावसाळी दमटपणानंही तेच. खालच्या खोलीत, आतल्या भिंतीच्या कपाटात, आडवा ठेवावा आणि दोन सेलमध्ये आम्लविरहित कागद घालावा; मोठ्या शहरात चित्रकलेच्या दुकानात तो मिळतो. वर्तमानपत्र चालत नाही. मागे पेन्सिलचित्र चिकटलेलं आढळलं तर ओढून काढू नका, तसंच राहू द्या. डांबरगोळ्याही त्या डब्यात नकोत. आणि डबा अगदी घट्ट बंद करू नये. लोणच्याची बरणी नव्हे ती. अ‍ॅसिटेट जुनं झालं की त्यातून आम्ल सुटतं, ते कोंडलं तर सेल लवकर बिघडतो आणि शेजाऱ्यांनाही बिघडवतो.

त्याची खूण नाकाला कळते. दिवाळीच्या आवराआवरीत एकदा नि पावसाळ्याआधी एकदा डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर तो सेल त्याच दिवशी बाकीच्यांतून वेगळा काढा, मोकळ्या हवेच्या पण सावलीच्या जागी ठेवा आणि मुलाला फोन करा. फेकू मात्र नका. पाठीवरचा रंग अजून शाबूत असतो.