वीज वाचली, पण घराची माहिती कोणाच्या हाती?

टिटवाळा : छपरावर सौर पॅनेल बसवून अनुदान मिळवायचे असो वा दिवसाच्या वीजवापरावर दरात सवलत घ्यायची असो, ग्राहकाला आता केवळ बिल भरून भागत नाही. घराविषयीची बरीच माहिती त्याला आपल्या हाताने द्यावी लागते आणि काही माहिती तर न मागताच घेतली जाते. ही माहिती कोठे जाते, तिच्यावर हक्क कोणाचा आणि ती चुकीच्या हाती पडल्यास जबाबदारी कोणाची, याची चर्चा मात्र अनुदानाच्या रकमेइतकी होताना दिसत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना जाहीर केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्याचे तिचे उद्दिष्ट असून एका घराला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळते. टिटवाळ्यासारख्या ठिकाणी, जेथे बहुतेक कुटुंबे इमारतीत राहतात, तेथे गृहनिर्माण संस्थांनाही सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपयांप्रमाणे साहाय्य आहे. अर्जदाराने राष्ट्रीय संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक व वीज ग्राहक क्रमांक नोंदवायचा, बिल जोडायचे, नोंदणीकृत विक्रेता निवडायचा आणि संच सुरू झाल्यावर बँक खात्याचा तपशील द्यायचा, असा हा क्रम आहे. म्हणजे एकाच कुटुंबाची माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर, महावितरणच्या दप्तरी आणि खासगी विक्रेत्याच्या हाती अशी तीन ठिकाणी पोहोचते. कर्ज घेतले तर बँक हे चौथे ठिकाण. यातील सर्वांत कच्चा दुवा विक्रेत्याचा आहे. अर्ज भरून देण्याच्या सोयीपोटी आधार, पॅन आणि पासबुकाची छायाचित्रे त्याच्या कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलवर पाठविली जातात. काम संपल्यावर ती पुसली गेली की नाही, हे कोणी विचारत नाही.

स्मार्ट मीटरची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथे ग्राहक काहीच भरून देत नाही. मीटर स्वतःच सांगतो. जुन्या पद्धतीत महिन्यातून एकदा माणूस येऊन रीडिंग घेई, म्हणजे वर्षाला बारा नोंदी. स्मार्ट मीटर पंधरा किंवा तीस मिनिटांच्या अंतराने वापर नोंदवितो. तीस मिनिटांचा हिशेब धरला तरी वर्षाला १७ हजार ५२० नोंदी होतात. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील घरगुती वापरावर जी सवलत लागू झाली, ती अशा वेळवार नोंदीशिवाय देताच येत नाही. तेव्हा नोंदींची गरज खरी आहे, हे मान्य करावे लागेल.

परंतु या नोंदींचा आलेख मांडला तर विजेपलीकडचे बरेच काही त्यातून वाचता येते. पहाटे गिझर कधी लागला, पंखे-दिवे कधी बंद झाले, संध्याकाळी घरात पुन्हा जाग कधी आली, हे सारे त्यात उमटते. टिटवाळ्यातून कसारा मार्गावरील लोकल पकडून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या दांपत्याचे घर दिवसभर कुलूपबंद असते. सुट्टीपुरते उघडणारे बंगलेही या परिसरात आहेत. कोणते घर कोणत्या वेळी रिकामे, हे सांगणारी यादी शेजाऱ्याच्या तोंडून गेली तर आपण संतापतो. मग ती संगणकात साठत असताना तिच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे विचारणे वावगे कसे?

ही भीती नवी नाही. केवळ मुख्य मीटरवरील चढउतारांवरून घरातील कोणते उपकरण चालू आहे हे ओळखण्याची पद्धत अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९८० च्या दशकात विकसित झाली आणि ती विकसित करणाऱ्या जॉर्ज हार्ट यांनीच १९८९ मध्ये तिच्या पाळतीसाठी होऊ शकणाऱ्या वापराकडे लक्ष वेधले. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीच्या स्मार्ट मीटरचे विधेयक खासगीपणाच्या कारणावरून अडविले. २०१८ मध्ये अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने नेपरव्हिल शहराच्या प्रकरणात, दर पंधरा मिनिटांनी अशी माहिती घेणे ही घराची झडतीच ठरते, असे म्हटले. वीजव्यवस्थेच्या हितासाठी ती वाजवी असल्याचेही त्याच निकालात नमूद केले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत मात्र संवेदनशील माहिती म्हणून पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्य, जैविक ओळख अशाच बाबी मोजल्या आहेत. वीजवापराचा त्यात उल्लेखही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही चौकट रुंदावली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींसाठी त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे. या कायद्यातील एक कलम ग्राहकाच्या विशेष उपयोगाचे आहे. माहिती गोळा करणारी संस्था काम कंत्राटदारावर सोपवील, परंतु जबाबदारी तिच्यावरच राहील. करारात काहीही लिहिलेले असो, तिला हात झटकता येणार नाहीत. सुरक्षिततेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र सरकारी अनुदानासाठी लागणारी माहिती काही अटींवर संमतीविनाही वापरण्याची मुभा याच कायद्याने शासनाला दिली आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

कायद्याची वाट न पाहता घेण्याजोगी खबरदारीही आहे. बारा आकडी ग्राहक क्रमांक निरुपद्रवी वाटतो. परंतु तो पैसे भरण्याच्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये टाकला की ग्राहकाचे नाव आणि थकीत रक्कम समोर येते. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ असे सांगून फसविणाऱ्यांना एवढे भांडवल पुरते. असा संदेश आल्यास त्यातील क्रमांकावर फोन न करता महावितरणच्या १९१२ वर चौकशी करावी, पाठविलेली फाइल मोबाइलमध्ये उतरवू नये आणि पैसे गेलेच तर तात्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. विक्रेत्याला आधारची प्रत देणे भागच असेल, तर शेवटचे चारच आकडे दाखविणारी प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. कागदावर ‘केवळ सौर संचाच्या अर्जासाठी’ असे तारखेसह लिहावे. आपल्या मीटरची वापराची माहिती संकेतस्थळ, अ‍ॅप किंवा एसएमएसद्वारे मिळणे हा २०२० च्या वीजग्राहक हक्क नियमांनुसार, २०२३ च्या दुरुस्तीसह, ग्राहकाचाही अधिकार आहे. संस्थेच्या छपरावर संच बसविणाऱ्या कार्यकारिणीने सर्व सभासदांची बिले एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटावर मागविण्याची प्रथाही थांबवायला हवी. सामायिक जोडणीच्या अर्जाला संस्थेचे बिल लागते, प्रत्येक बिऱ्हाडाचे नव्हे.