सातबाऱ्यामागचे तक्ते

सातबाऱ्याचा उतारा पाहिला नाही असा शेतकरी मावळात सापडायचा नाही. वडगावच्या तहसील कचेरीत, बँकेत, वकिलाकडे, सगळीकडे तो लागतो. द्रुतगती मार्ग झाला, लोणावळ्याभोवती बंगल्यांसाठी जमिनींची खरेदी-विक्री वाढली आणि त्या कागदावरच्या एकेका नावाला मोठी किंमत आली. संगणकात माहिती कशी साठवावी हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायचे, तर आम्हाला याहून चांगले उदाहरण दिसत नाही.

सातबारा हा मुळात एक कागद नव्हेच. गाव नमुना सात सांगतो की जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर बोजा कोणता. गाव नमुना बारा सांगतो की तिच्यात पीक कोणते. या दोहोंची जोड म्हणजे सातबारा. शिवाय एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनी एकत्र दाखवणारा आठ-अ आहे आणि मालकीतला प्रत्येक बदल जिथे नोंदवला जातो तो नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. हस्तलिखिताच्या काळात या वह्या वेगवेगळ्या होत्या. एकच बदल तलाठ्याला तीन ठिकाणी लिहावा लागे. (२०२४ मध्ये या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी असे झाले, पण लोकांच्या तोंडी अजून तलाठीच आहे.) एका वहीत लिहायचे राहिले की सातबारा एक सांगे आणि आठ-अ दुसरेच.

समजा, कार्ल्याच्या परिसरातल्या एका गावात एका शेतकऱ्याच्या नावावर तीन गट आहेत. तो वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. वारसनोंद करायची आहे. आपण हे काम संगणकावर एका लांबलचक तक्त्यात केले, तर प्रत्येक गटासमोर चारही नावे लिहावी लागतील. तीन गट, चार वारस, म्हणजे नाव लिहिण्याच्या बारा जागा. बारापैकी एका ठिकाणी ‘पांडुरंग’चा ‘पांडूरंग’ झाला, की संगणकाच्या लेखी तो वेगळा माणूस. पुढे धाकट्या मुलाने नावातली चूक दुरुस्त करून घेतली, तर ती तिन्ही गटांत करावी लागेल आणि दोनच ठिकाणी झाली तर कोणालाही कळणार नाही.

आता हेच निराळ्या रीतीने मांडून पाहू या. एक तक्ता फक्त जमिनींचा: गट क्रमांक, क्षेत्र, आकार. दुसरा फक्त माणसांचा: प्रत्येकाला एक क्रमांक, त्यापुढे नाव. यात चार ओळी. चौघांचे मिळून एक सामाईक खाते करू आणि त्याला क्रमांक देऊ, समजा ५७. तिसऱ्या तक्त्यात खाते ५७ मध्ये कोणकोण आहेत, याच्या चार ओळी. चौथ्यात खाते ५७ कडे कोणते गट आहेत, याच्या तीन ओळी. शेवटच्या दोन तक्त्यांत नावे नाहीतच, नुसते क्रमांक. प्रत्येक नाव साऱ्या व्यवस्थेत एकदाच लिहिले आहे. ते दुरुस्त केले की सगळीकडे दुरुस्त झाले.

मग सातबारा कुठे गेला? तो साठवलेला नसतोच, मागितला की तयार होतो. गट क्रमांक दिला की चार तक्ते जोडून सातबारा निघतो आणि खाते क्रमांक दिला की त्याच तक्त्यांतून आठ-अ निघतो. दोन्ही एकाच साठ्याची दोन दर्शने असल्यामुळे ती एकमेकांशी भांडू शकत नाहीत. ही मागणी करण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिचा पहिला अवतार चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी आयबीएममध्ये १९७४ मध्ये मांडला.

या मांडणीमागचा सिद्धान्त एडगर कॉड या गणितज्ञाचा. तोही आयबीएमचाच, सॅन होजेच्या प्रयोगशाळेतला. १९७० मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला आणि १९८१ मध्ये त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तक्ते एकमेकांशी संबंध ठेवतात म्हणून या डेटाबेसला ‘रिलेशनल’ म्हणतात, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. अकरावीच्या गणितात आपण संचांचा कार्टेशियन गुणाकार शिकवतो आणि त्या गुणाकाराच्या उपसंचाला ‘संबंध’ म्हणतो. कॉडचा ‘संबंध’ तोच. म्हणजे तक्ता हाच संबंध, त्याची प्रत्येक ओळ हा त्या संचाचा एक घटक. संचात एकच घटक दोनदा मोजत नाहीत, म्हणून तक्त्यातही एकच ओळ दोनदा येता कामा नये. ओळींना ठरावीक क्रमही नसतो. गणिताच्या शिक्षकांना हा धडा रंगवायला इथे भरपूर वाव आहे.

ओळ दोनदा येऊ नये यासाठी प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख लागते. तिला प्रायमरी की, म्हणजे मुख्य किल्ली म्हणतात. आता गंमत पाहा. गट क्रमांक १२० ही किल्ली होईल का? नाही, कारण १२० नंबरचा गट अनेक गावांत असतो. गावाचे नाव जोडले तर? एकाच नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. म्हणून २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावासोबत त्याचा संकेतांकही आला. तरी अडचण उरतेच. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली जिथे योजना झाली तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. मावळात आजही काही ठिकाणी गट चालतो, काही ठिकाणी सर्व्हे. लोणावळा शहरात नगर भूमापन झालेल्या भागात तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हे नंबर. शिवाय जमीन विभागली की १२० चे १२०/१, १२०/२ होतात. ज्या क्रमांकाला स्वतःचा अर्थ असतो तो परिस्थितीबरोबर बदलतो. किल्ली अर्थहीन असलेली बरी. अलीकडच्या सातबाऱ्यावर जो ११ अंकी ओळख क्रमांक दिसतो, त्यामागे हाच विचार आहे. शाळेतला जनरल रजिस्टर नंबरही याच जातीचा: विद्यार्थ्याची इयत्ता बदलते, तुकडी बदलते, हजेरी क्रमांक बदलतो, जनरल रजिस्टरचा नंबर बदलत नाही.

आता फेरफाराकडे वळू. चाळीस आर जमिनीपैकी दहा आर विकली. विकणाऱ्याचे क्षेत्र तीस करायचे आणि घेणाऱ्याचे दहा लिहायचे, अशा या दोन कृती. पहिली झाली आणि तेवढ्यात वीज गेली, तर? (लोणावळ्याच्या पावसाळ्यात हा प्रश्न काल्पनिक नाही.) दहा आर जमीन कोणाचीच उरणार नाही. चांगला डेटाबेस या दोन कृती मिळून एकच व्यवहार मानतो. दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. हे त्याला जमते कसे? मूळ तक्त्यांना हात लावण्याआधी काय बदलायचे आहे ते तो एका वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवतो. वीज परत आली की आधी ती नोंदवही वाचतो, पुरा झालेला व्यवहार तक्त्यांत उतरवतो, अपुरा सोडून देतो.

मावळातल्या वाचकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. नमुना सहा नेमके हेच करतो. जमीन महसूल संहितेप्रमाणे बदल आधी फेरफार नोंदवहीत येतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. संगणकशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी महसूल खात्याने ही युक्ती वापरली, असे म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की संगणकाची नोंदवही हरकती ऐकत नाही.

आणि हा फरक लहान नाही. डेटाबेस सुसंगती राखतो, सत्य राखत नाही. अस्तित्वात नसलेला खाते क्रमांक तो नाकारेल. सर्वांच्या हिश्शांची बेरीज गटाच्या क्षेत्राएवढी हवी, हा नियम घालून दिला तर तोही पाळेल. पण वारसनोंदीत मुलीचे नाव दिलेच नाही आणि तीन वारसांत क्षेत्र बरोबर वाटले गेले, तर त्याला काहीही खटकणार नाही. जी ओळ कधी लिहिलीच गेली नाही, तिचा शोध कोणतीही आज्ञावली घेऊ शकत नाही. २०१७ मध्ये संगणकातले सातबारे तपासण्यासाठी राज्यभर चावडीवाचनाची मोहीम झाली, ती अशा चुकांसाठीच आवश्यक होती. पण लग्न होऊन मुंबईला गेलेल्या बहिणीच्या कानावर चावडी पडत नाही. उतारा आता संकेतस्थळावर पाहता येतो, डिजिटल स्वाक्षरीचा २०१८ पासून मिळतो. तिने तो स्वतः उघडून पाहणे हाच उपाय.

शाळेत असे काही करून पाहायचे तर कोणते साधन घ्यावे? तक्ता एकच असेल तर स्प्रेडशीट पुरे, उगाच डेटाबेसच्या मागे लागू नये. दोन-तीन तक्ते जोडायचे असतील तर आम्ही एसक्यूलाइट सुचवू. ते फुकट आहे, सगळा साठा एकाच फाइलमध्ये राहतो, वेगळा सर्व्हर लागत नाही. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासूनच असते. तक्ते डोळ्यांनी पाहायला ‘डीबी ब्राउझर’ हा विनामूल्य प्रोग्रॅम मिळतो. अनेकांनी एकाच वेळी वेगवेगळ्या संगणकांवरून नोंदी करायच्या असतील तर मात्र मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल हवे. दोहोंत आमचा कल पोस्टग्रेकडे आहे. ते नियमांच्या बाबतीत कडक आहे आणि पोस्टजीआयएस जोडले की गटाच्या सीमाही त्यात साठवता येतात. पण साधन कोणतेही घ्या, आधी तक्ते कागदावर आखा. चुकीचे आखलेले तक्ते महागड्या साधनातही चुकीचेच राहतात.

मराठीसाठी दोन गोष्टी जरूर तपासाव्यात. पहिली क्रमवारीची. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे. एसक्यूलाइट आपण होऊन युनिकोडचा क्रम धरते, पोस्टग्रेला मराठी क्रम सांगता येतो. दुसरी गोष्ट अधिक त्रासाची. ‘बोऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही नावे हुबेहूब सारखी दिसतात, संगणक मात्र ती दोन निराळी मानतो. शोध घेतला की निम्मे बोऱ्हाडे सापडतात, निम्मे सापडत नाहीत. नावाऐवजी क्रमांकाने शोधले तर ही अडचण येत नाही.