संग्राह्य नाण्यांची ऑनलाइन विक्री आणि हटवादी ग्राहक : विक्रेत्याच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

कोकणातील जुन्या घरांत फडताळातील पितळी डब्यात किंवा देवघरातील पेटीत काही जुनी नाणी हमखास आढळतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती बाहेर निघतात, चिंचेने घासली जातात, पूजेत मांडली जातात आणि पुन्हा डब्यात जातात. पूर्वी अशी नाणी विकावयाची झाल्यास सराफाच्या पेढीशिवाय दुसरा मार्ग नव्हता आणि सराफ चांदीच्या वजनापलीकडे सहसा जात नसे. इंटरनेटमुळे ही स्थिती पालटली. २००४ मध्ये ईबे या अमेरिकी कंपनीने बाझी डॉट कॉम ही भारतीय कंपनी विकत घेतली आणि घरबसल्या नाणी विकणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. ईबेची भारतातील ती सेवा २०१८ मध्ये बंद झाली. तथापि तोपर्यंत हा व्यवहार अन्य संकेतस्थळांवर आणि भ्रमणध्वनीवरील संग्राहकांच्या गटांत रुजला होता.

या सोयीबरोबर एक अडचणही आली. समोरासमोरच्या व्यवहारात ग्राहक नाणे हातात घेऊन पाहतो, वाजवून पाहतो आणि मगच पैसे देतो. ऑनलाइन व्यवहारात पैसे आधी जातात आणि नाणे नंतर येते. या मधल्या काळात ग्राहकाच्या मनात एक चित्र तयार होते व पाकीट उघडताच ते मोडले तर वाद सुरू होतो. अशा वादांत ग्राहक हटवादी का होतो आणि विक्रेत्याने त्याच्याशी कसे वागावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनास रत्नागिरी परिसरातील नाण्यांची उदाहरणे आणि प्रस्तुत लेखकाचा अल्प अनुभव यांचा आधार घेतला आहे.

लेखकाचा अनुभव

काकांच्या निधनानंतर त्यांचा नाणेसंग्रह विकून काकूंच्या औषधोपचाराचा खर्च भागवावा, असे घरात ठरले आणि ते काम प्रस्तुत लेखकाकडे आले. या विक्रीत दोन ग्राहक विशेष त्रासदायक वाटले.

पहिल्याने एक शिवराई घेतली आणि ‘अक्षरे अर्धी आहेत’ अशी तक्रार करून ती परत पाठविली. परत आलेले नाणे मूळ नाण्याहून हलके होते. मूळ नाण्याच्या कडेला एक खाच होती, ती यात नव्हती. सुदैवाने विक्रीपूर्वीच्या छायाचित्रात ती खाच आणि वजनकाट्यावरील आकडा दोन्ही स्पष्ट होते. ती छायाचित्रे पाठविल्यावर वाद चार दिवसांत संपला आणि मूळ शिवराई परत आली.

दुसऱ्या ग्राहकाने १९३९ सालचा रुपया घेतला होता. तो खोटा असल्याचे त्याने अत्यंत कडवट भाषेत कळविले. काकांनी स्वहस्ते लिहिलेली चिठ्ठी त्या नाण्याबरोबर होती. त्यामुळे हा आरोप काकांवरच आहे असे वाटून उत्तरही तितकेच कडक दिले गेले. पुढे नाणे परत मागवून भिंगाखाली पाहिले. वजन बरोबर होते, चांदीही बरोबर होती. परंतु सालातील शेवटचा आकडा कोरून बदललेला होता. नाणे १९३८ चे होते. काका स्वतःच कधीतरी फसले होते. ग्राहकाचे पैसे टपालखर्चासह परत केले आणि क्षमा मागितली. पहिला ग्राहक सुरुवातीला सौम्य बोलत होता, दुसरा उद्धट बोलत होता. चूक मात्र पहिल्याची होती आणि दुसरा खरा होता. ग्राहकाच्या स्वरावरून त्याच्या तक्रारीची किंमत ठरवू नये, हा या प्रकरणातून मिळालेला मुख्य धडा होय.

वादाची मुळे

हटवादीपणा हा केवळ स्वभावदोष नसून अनेकदा तो माहितीच्या अभावातून निर्माण होतो. त्याची तीन प्रमुख कारणे दिसून येतात.

१) घडणीविषयीचे अज्ञान : यंत्राच्या नाण्यांची सवय झालेल्या ग्राहकास हाताने पाडलेल्या नाण्याचे स्वरूप ठाऊक नसते. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा मजकूर असतो. मात्र तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान असल्यास सर्व अक्षरे त्यावर उमटत नाहीत. लारी या नाण्याच्या बाबतीत ही अडचण अधिक आहे. इराणमधील लार या गावावरून नाव पडलेले हे नाणे म्हणजे मध्यभागी दुमडलेली चांदीची तार होय. कोकण किनाऱ्यावरील व्यापारात ते चालत असे आणि विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशाहाच्या (राज्यकाल १६५६ ते १६७२) नावाच्या लारीही मिळतात. अरुंद तारेवर ठशाचा फक्त एक पट्टा उमटतो. त्यामुळे पूर्ण मजकुराची लारी मागणारा ग्राहक अशक्य गोष्ट मागत असतो. पण हे त्याला आधी कोणी सांगितलेले नसते.

२) किमतीविषयीच्या अफवा : २०१२ मध्ये श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेली पाच व दहा रुपयांची नाणी लाखो रुपयांना विकली जातात, अशा चित्रफिती सर्वत्र फिरल्या. रामदरबाराचे चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी’ अशी अक्षरे असलेल्या तांब्याच्या चकत्यांवर १६१६, १७१७, १८१८ अशी साले असतात. त्या कंपनीने पाडलेली नाणी नसून नंतर तयार केलेली टोकने आहेत. अशा अफवांमुळे विक्रेता अवाच्या सवा किंमत सांगतो, तर ग्राहक प्रत्येक विक्रेत्याकडे संशयाने पाहतो किंवा सरळ चांदीच्या भावात नाणे मागतो.

३) स्थानिक आख्यायिका : ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्यामुळे मोराची मुद्रा असलेला ब्रह्मी रुपया येथे ‘थिबा राजाचे नाणे’ म्हणून विकण्याचा मोह होतो. वास्तविक या चांदीच्या नाण्यावरील १२१४ हे ब्रह्मी साल थिबाचे वडील मिंडॉन यांच्या राज्यारोहणाचे आहे. असे नाणे राजवाड्यातून आले असे सांगावयाचे असेल तर तसा कागद हवा. कागद नसताना केलेले असे वर्णन ही ग्राहकाच्या हाती आपणच दिलेली काठी ठरते.

कायदेशीर चौकट

विक्रेत्यास कायद्याची तोंडओळख असणे आवश्यक आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. म्हणून ‘विकलेले नाणे परत घेतले जाणार नाही’ असे लिहिल्याने चुकीच्या वर्णनाची जबाबदारी टळत नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. नियमित वा पद्धतशीर व्यवसाय म्हणून नव्हे, तर वैयक्तिक नात्याने व्यवहार करणाऱ्या व्यक्तीस हे नियम लागू होत नाहीत; तरीही १९३० चा अधिनियम तिला लागू राहतोच.

हाच अधिनियम विक्रेत्यासही संरक्षण देतो. कलम ४२ नुसार माल मिळाल्यावर ग्राहकाने विक्रेत्याच्या मालकीहक्काशी विसंगत असे कृत्य केल्यास त्याने माल स्वीकारला असे मानले जाते. नाणे चिंचेने किंवा रसायनाने घासून, त्यावरील जुनी काळसर झाक घालवून ते परत करू पाहणाऱ्या ग्राहकास या तत्त्वाची जाणीव करून देता येते. कलम २४ जांगड व्यवहारासंबंधी आहे. पसंतीसाठी पाठविलेला माल ठरलेल्या मुदतीत नाकारल्याचे न कळविता ठेवून घेतल्यास विक्री पूर्ण होते. म्हणून मुदत लेखी असावी. कलम ४३ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, माल नाकारणाऱ्या ग्राहकावर तो परत पाठविण्याचे बंधन नसते. नकार कळविणे पुरेसे असते. परतीचा खर्च कोणी सोसावा हे त्यामुळेच विक्रीपूर्वी ठरवावे.

काही मागण्या मात्र कितीही आर्जवाने केल्या तरी मान्य करता येत नाहीत. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून कमी नाही इतक्या जुन्या पुरावस्तूंची खाजगी निर्यात निषिद्ध असून नाण्यांचा समावेश पुरावस्तूंच्या व्याख्येत आहे. पंचम जॉर्जचे १९११ ते १९२२ या काळातील रुपये आता या मर्यादेत आले आहेत. परदेशस्थ ग्राहक ‘पाकिटावर बटणे लिहा’ असे सुचवील. नकार हेच त्याचे उत्तर होय. पुरावस्तू विकण्याचा व्यवसाय करणाऱ्यास याच अधिनियमाखाली परवाना लागतो. तसेच बागेत किंवा पाया खणताना सापडलेला दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा ठेवा भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळवावा लागतो. तो परस्पर विकता येत नाही.

उपाययोजना

अ) वर्णन : नाण्याचे वजन, व्यास, धातू आणि दोष स्वच्छ लिहावेत. ब्रिटिशकालीन प्रमाणित रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असते आणि १९४० पासून त्यातील चांदीचे प्रमाण ५० टक्क्यांवर आणले गेले, ही माहिती वर्णनातच द्यावी. ‘दुर्मीळ’, ‘उत्कृष्ट’ अशी विशेषणे टाळावीत. नाणे घासलेले असेल तर तसे लिहावे. लक्ष्मीपूजनाची परंपरा लपविण्यासारखी नाही.

आ) छायाचित्रे : दोन्ही बाजू, कडा आणि वजनकाट्यावरील नाणे यांची छायाचित्रे घ्यावीत. पाकीट बंद करतानाची सलग चित्रफीत ठेवावी आणि परत आलेले पाकीट उघडतानाही तसेच करावे.

इ) पाठवणी : नोंदणी टपालाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. पाठवणीची पावती वाद मिटेपर्यंत जपावी.

ई) संवाद : तक्रार आल्यावर प्रथम एकच प्रश्न विचारावा : ‘वर्णनातील कोणती गोष्ट जुळत नाही?’ या प्रश्नाने खरा तक्रारदार मुद्द्यावर येतो. ग्राहकास केवळ भाव कमी करून हवा असेल तर तेही उघड होते. उत्तर लेखी, थोडक्यात आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी द्यावे. वाईट अभिप्राय देण्याची धमकी देऊन पैसे परत मागणाऱ्यास सूट देऊ नये. त्याचे संदेश जतन करून संकेतस्थळाच्या तक्रार विभागाकडे पाठवावेत.

उ) फसवणूक : हटवादी ग्राहक आणि भामटा यांत भेद करावा. जो भावाविषयी किंवा दर्जाविषयी एकही प्रश्न विचारत नाही आणि लगेच ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ असे सांगतो, तो ग्राहक नव्हे. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागितले जात असल्यास तीही फसवणूक समजावी. बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी तसा जाहीर इशारा दिला आहे. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

निष्कर्ष

१) बहुतेक वादांचे मूळ नाण्यात नसून वर्णनात न लिहिलेल्या गोष्टींत असते.

२) तक्रार आल्यावर विक्रेत्याने पहिली तपासणी आपल्या नाण्याची आणि आपल्या वर्णनाची करावी, ग्राहकाच्या हेतूची नंतर करावी.

३) नोंदी पक्क्या असतील तर सौम्य राहणे सोपे जाते, नोंदी नसलेल्या विक्रेत्यालाच आवाज चढवावा लागतो.

४) बेकायदेशीर मागणी आणि धमकी या दोन बाबतींत मात्र तडजोड नसावी.

काकांचा तो १९३८ चा रुपया विकलेला नाही. त्यांच्या चिठ्ठीखाली खरे साल लिहून तो काकूंच्या डब्यात परत ठेवला आहे. पुढे कोणी तो विकावयास काढलाच, तर वर्णन आधीच तयार असेल.