लशीचा ताप आणि आईची शंका

घरात तान्हे मूल असले म्हणजे ते दीड महिन्याचे होताच लस टोचून आणण्याचा दिवस उगवतो, आणि तो दिवस घरातील बायकांना काही केल्या सुखाचा जात नाही. सकाळी हसतखेळत गेलेले मूल संध्याकाळी तापाने फणफणते, मांडी लाल होऊन तिच्यावर टणक गाठ येते, आणि रात्री ते कोणाच्याच खांद्यावर राहत नाही. मग माजघरात चर्चा सुरू होते. 'धडधाकट पोराला मुद्दाम दुखणे कशाला आणायचे?' असे आजी म्हणतात. आत्याबाईंना कोठलीतरी अशुभ वार्ता आठवते. थोरले काका मोबाईलवर आलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवितात. आणि जिच्यावर अखेर सर्व बोल यावयाचा ती मुलाची आई खाली मान घालून मुलाला थोपटीत असते.

रत्नागिरीसारख्या सुशिक्षित शहरातही ही शंका घरोघर आहे. तिला अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु तसे करणारा मनुष्य त्या आईला उत्तर देत नाही, केवळ गप्प बसवितो. आमच्या मते ही शंका रास्त आहे. मात्र ती नीट विचारली जात नाही. लशीनंतर जे जे घडते ते सर्व एकाच जातीचे नसते. त्यात लशीचा स्वतःचा गुण किती, टोचणाऱ्या हाताचा दोष किती आणि निव्वळ योगायोग किती, हे निराळे काढल्यावाचून 'लस बाधते काय?' या प्रश्नाला अर्थ येत नाही.

ही शंका आजची नव्हे. 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग आपल्या घरांतील वृद्धांच्या तोंडी अद्याप आहे, आणि पुष्कळांच्या दंडावर त्याची वाटोळी खूणही आहे. इंग्लंडात जेन्नरने १७९६ साली गोस्तनदेवीच्या लशीचा प्रयोग केला. ती लस बसऱ्याहून मुंबईस पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. हिंदुस्थानातील लसीकरणाचा आरंभ तो हाच. पुढे कित्येक वर्षे एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव घेऊन दुसऱ्याच्या दंडात भरण्याची रीत होती. सोवळ्याच्या घरांना ती रुचू नये हे उघड आहे. पण विरोध केवळ सोवळ्याओवळ्याचा नव्हता. एका मुलाच्या अंगातील उपदंशासारखा रोग दुसऱ्याच्या अंगी जाण्याचे खरेखुरे भय त्या रीतीत होते. ते दूर करण्यासाठीच वासराच्या अंगावर लस वाढविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. तात्पर्य, शंकेने लस बंद पाडली नाही, ती सुधारली. त्याच लशीच्या बळावर मे १९७५ मध्ये हिंदुस्थानात देवीचा शेवटचा रोगी आढळला आणि १९८० साली सर्व जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

आता पहिला भाग, लशीच्या स्वतःच्या गुणाचा. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत सरकारी केंद्रात जी पेंटाव्हॅलेंट लस देतात, तीत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाच्या जंतूचा विकार अशा पाचांवरील उपाय एकत्र असतो. यांपैकी ताप आणणारा भाग मुख्यतः डांग्या खोकल्याचा. त्यासाठी मारलेले जंतू सबंधच्या सबंध वापरलेले असतात. शरीर त्यांच्या अनेक अंगांना ओळखते व एकदम सज्ज होते. त्या सज्जतेची खूण म्हणजे ताप व सूज. ही लस घेतलेल्या निम्म्यापर्यंत मुलांना थोडाफार ताप येतो, आणि तो बहुधा एकदोन दिवसांत उतरतो. खाजगी दवाखान्यांत जी 'न दुखणारी' लस मिळते, तीत सबंध जंतूंऐवजी त्यांतील निवडक शुद्ध अंश असतात. त्यामुळे ताप कमी येतो हे खरे, परंतु तिचे संरक्षण लवकर ओसरते. म्हणून महाग ती चांगली व सरकारी ती वाईट, हा आपल्यातील समज येथे लागू पडत नाही.

गोवराच्या लशीची तऱ्हा निराळी. तीत दुबळे केलेले पण जिवंत विषाणू असतात. ते अंगात रुजावयास वेळ लागतो, म्हणून टोचल्यावर सात ते बारा दिवसांनी शंभरांत पाच ते पंधरा मुलांना ताप येतो व काहींच्या अंगावर बारीक पुरळ उठते. क्षयाची बीसीजी लस टोचल्यावर काही आठवड्यांनी दंडावर फोड येऊन फुटतो आणि व्रण राहतो. यांपैकी काहीही बिघाडाचे लक्षण नव्हे.

विरळ असे गंभीर परिणामही असतात, आणि ते झाकून ठेवण्यात कोणाचे हित नाही. तापाच्या भरात एखाद्या मुलाला आकडी येते. क्वचित, म्हणजे दहा लाख टोचण्यांमागे एखाद्या वेळी, लशीचे तीव्र वावडे होऊन श्वास अडतो. हे बहुधा काही मिनिटांतच होते, आणि म्हणूनच टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबण्यास सांगतात. पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या थेंबांनी दहा लाख जन्मांमागे दोन ते चार मुलांना खुद्द त्या लशीमुळेच लुळेपणा येऊ शकतो, असा जागतिक अनुभव होता. हिंदुस्थानात रानटी पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला. तो शत्रू नाहीसा झाल्यावर उपायातील हा धोकाही कमी करणे प्राप्त होते. यास्तव नोव्हेंबर २०१५ पासून टोचून द्यावयाची मृत विषाणूंची पोलिओ लस सुरू झाली आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतील दुसऱ्या जातीचा विषाणू वगळण्यात आला. दोष आहे असे मान्य केले, तेव्हाच तो काढता आला.

दुसरा भाग हाताच्या दोषाचा, आणि आईबापांनी खरी जागरूकता दाखवावयाची ती येथे. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना ती लस दिली असता एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांस काही झाले नाही. दोष लशीत नव्हता. त्या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते. तरीही हाफकिनांवर ठपका आला, आणि तो दूर होण्यास १९०७ साल उजाडले. आज परळच्या संस्थेला त्यांचे नाव आहे.

शंभर वर्षांनंतरही असे घडते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले बचावली. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाच्या लशीनंतर ३ बालके मात्र दगावली. प्राथमिक चौकशीत लस ठेवण्यात व हाताळण्यात झालेली हयगय पुढे आली. अशी बातमी वाचून लसच नको म्हणणे म्हणजे स्वयंपाक्याने भात करपविला म्हणून तांदूळच टाकून देणे होय. स्वयंपाक्याला जाब विचारणे हा त्यावरील उपाय.

आपल्या कोकणात तर हा जाब विचारण्यास विशेष कारण आहे. बहुतेक लशी दोन ते आठ अंश थंडीत ठेवाव्या लागतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांनी किती दिवस अंधारात काढले, हे कोणाच्याही स्मरणातून गेले नसेल. म्हणून लशीच्या पुष्कळ कुप्यांवर एक वर्तुळ व त्याच्या आत एक चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत जाईल तसा तो चौकोन गडद होतो. चौकोन भोवतालच्या वर्तुळाहून फिका असला तर लस उपयोगाची, वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला तर ती टाकावयाची. तद्वतच गोवराची व क्षयाची लस पाण्यात कालविल्यावर चार तासांच्या आत संपवावी लागते, उरल्यास फेकावी लागते. 'ताई, कुपी केव्हा फोडली? चौकोन जरा दाखवता का?' एवढे विचारण्यास डॉक्टरकीची पदवी लागत नाही, आणि चांगल्या आरोग्यसेविकेला या प्रश्नाचा रागही येत नाही.

तिसरा भाग योगायोगाचा. कावळा बसावयास आणि फांदी तुटावयास गाठ पडते, तेव्हा फांदी कावळ्याने मोडली असे आपण म्हणत नाही. सन २०२० मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी २८ मुले पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. त्याच पहिल्या वर्षात प्रत्येक मुलाला अनेकदा लस टोचावयाची असते. तेव्हा काही दुर्दैवी मृत्यू टोचल्याच्या पाठोपाठ येणारच. म्हणून चौकशी करू नये असे मात्र नव्हे. प्रत्येक प्रसंगाची नोंद व छाननी झाली, तरच कारण कोणते आणि योगायोग कोणता हे उमगते. १९९८ साली इंग्लंडातील एका वैद्याने गोवराच्या लशीचा संबंध मुलांच्या स्वमग्नतेशी जोडला. तो निबंध सदोष ठरून २०१० साली मागे घेण्यात आला. २०१९ साली डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या पाहणीतही तसा संबंध आढळला नाही. परंतु ती वार्ता आमच्या माजघरापर्यंत अजून येतच असते. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, तेव्हाही अशाच अफवांनी कित्येक पालकांना धास्तावले होते.

शंकेपायी लसच थांबविली तर काय होते याचा धडा जपानने घेतला आहे. १९७४-७५ च्या हिवाळ्यात तेथे डांग्या खोकल्याच्या लशीनंतर दोन बालके दगावली आणि लस काही काळ बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली तरी लोकांचा विश्वास उडाला होता. १९७४ साली त्या देशात डांग्या खोकल्याचे चारशेच्या आत रोगी होते व मृत्यू एकही नव्हता. १९७९ साली तेरा हजार रोगी झाले आणि ४१ मृत्यू पडले. दोन मुलांचे दुःख खरे होते. पण त्याची भरपाई ४१ मुलांनी करावयास नको होती. दूर तरी कशाला जावे? २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ उसळली, आणि दगावलेल्यांत लस न घेतलेली मुले पुष्कळ होती. मुंबई आणि रत्नागिरी यांत गणपतीला व शिमग्याला किती अंतर उरते, हे चाकरमान्यांच्या घरांना सांगावयास नको.

आता घरातील व्यवस्थेविषयी चार शब्द. पूर्वीच्या टोचणीनंतर आकडी आली असेल किंवा वावडे झाले असेल तर ते टोचण्याआधी अवश्य सांगावे. मूल फार आजारी असल्यास दिवस पुढे ढकलावा. साध्या सर्दीपायी ढकलू नये. टोचल्या जागी हळद, तेल, लेप काही लावू नये व ती चोळू नये. ताप आल्यास अंगावर सैल कपडे ठेवावे, वरचेवर अंगावर पाजावे आणि डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे सांगितलेले पॅरासिटामॉल तेवढेच द्यावे. सहा महिन्यांच्या आतील मुलाला काढे-गुट्या पाजण्याची ही वेळ नव्हे. मूल तीन तासांहून अधिक सतत रडत राहिले, त्याला आकडी आली, ते निपचित पडले, श्वासाला अडखळले किंवा गाठीत पू झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि लस केव्हा व कोठे दिली ते तेथे सांगावे. लशीचे कार्ड देवघरातील पंचांगाइतकेच जपून ठेवावे.

शेवटी आमची विनंती घरातील वडील मंडळींस आहे. लस टोचून आलेल्या मुलाची रात्र आई एकटीच जागते, आणि सकाळी 'तरी आम्ही सांगत होतो' हे वाक्यही तीच ऐकते. पुढच्या खेपेस आजींनी स्वतः सुनेबरोबर केंद्रात जावे. मनातील शंका माजघरात न ठेवता तेथेच विचाराव्या, आणि रात्री दोन तास मूल आपल्या मांडीवर घ्यावे. ताप एकदोन दिवसांत उतरेल. पण घरातील माणसे आपल्या पाठीशी होती ही आठवण त्या सुनेच्या मनात पुष्कळ दिवस राहील, आणि पुढच्या टोचणीचा दिवस ती चुकविणार नाही.