माळ घाला, दवाखानाही गाठा

शेतकरी बंधूंनो, पंढरीत तुळशीची माळ घातली अन् दारू सुटली, अशी माणसं गावोगाव आहेत. माळेचा धाक असतोच. पण खरा आधार रोजच्या हरिपाठाचा आणि सोबतच्या माळकऱ्यांचा. सांजच्याला गुत्त्याकडे वळणारे पाय देवळाकडे वळतात.

मात्र वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम सोडली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते. जीवही जाऊ शकतो. हे अंगात येणं नव्हे. अंगारा लावून बसू नका, १०८ची गाडी बोलवा. पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये १९८६पासून व्यसनमुक्तीचे उपचार होतात.

सरपंच, पोलीसपाटील, तुम्हीही ध्यानात घ्या: कुणी पुन्हा घसरला तर हिणवू नका, हरिपाठाला हाक मारा.