पाळीपाळीने पोहणे

मंडळी, आपल्या नगर भागातल्या पोराला पोहायला शिकवते विहीर. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, कमरेच्या दोराचं टोक थोरल्या भावाच्या हाती द्यायचं आणि पोराला द्यायचं ढकलून! थोड्या दिवसांत भोपळा सुटतो. पण विहिरीतला गडी दमला की पायरी धरतो. समुद्रात पायरी नाही.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली इंग्लिश खाडी अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. अहिल्यानगरहून राहुरीला पायी निघालात, तर जवळजवळ एवढीच वाट होईल. १८७५ साली मॅथ्यू वेब ही खाडी एकट्याने पोहून गेला; त्याला पावणेबावीस तास लागले. १९५८ साली आपले मिहिर सेन पोहून गेले. भरती-ओहोटीचा ओढा पोहणाऱ्याला बाजूला नेतो, म्हणून वाट सरळ राहत नाही, लांबते.

हीच खाडी पाळीपाळीनेही पोहतात. तिला रिले म्हणतात. बहुधा सहा जण असतात. बरोबर नाव असते आणि तीत पंच. एकाने तासभर पोहायचं. तास भरला की दुसऱ्याने मागून उडी घेऊन त्याला ओलांडायचं. पोहताना नावेला हात लावायचा नाही, अंगात रबरी पोशाख नाही. आणि एकदा ठरलेला क्रम मोडायचा नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी तुम्हांला ठाऊकच आहे; तिथं नंबर पुढं-मागं करण्याची खटपट चालते म्हणतात. इथं ती मुळीच चालत नाही! एकाने जरी आपली पाळी सोडली, तरी सगळ्यांचंच पोहणं बाद होतं.

तुम्ही म्हणाल, तासभरच ना? पण पहिला तास सोपा असतो. अवघड असतो दुसरा. पाणी उन्हाळ्यातही १५ ते १८ अंशांचं. कुडकुडत वर यावं, कपडे चढवावेत, नाव हेलकावते म्हणून पोटात ढवळतं, अन्न टिकत नाही. जरा ऊब आली की पुन्हा कपडे उतरवायचे आणि पाण्यात जायचं, कधी काळोखात.

पुष्कळ संघ हे एखाद्या सत्कार्याला पैसा जमवण्यासाठी करतात. आप्त, शेजारी आधीच रक्कम कबूल करतात. मात्र नावेचं भाडं भारी असतं. ते देणगीतून भागवणार असाल तर देणाऱ्याला आधीच सांगावं, असं मला वाटतं.

गुरुजी, मुलांना हे जरूर सांगा; पण मुळा धरणावर त्यांना परस्पर सोडू नका. तिथं गाळ आहे, खोली कळत नाही, आणि दोर धरायला थोरला भाऊ नसतो.

२४ जून २०१८ रोजी चार दिव्यांग भारतीयांनी इंग्लिश खाडी अशीच पाळीपाळीने पार केली. त्यांत मध्य प्रदेशचे सत्येंद्रसिंह लोहिया होते, आपल्या महाराष्ट्राचे चेतन राऊत होते. वेळ लागला १२ तास २६ मिनिटं. तासाच्या पाळीने हिशेब करा: चौघांच्या वाट्याला तीन-तीन पाळ्या, आणि उरलेल्या २६ मिनिटांसाठी पहिल्याला चौथ्यांदा पाण्यात उतरावं लागतं.